पडद्यापुढच्या खुर्चीतून : राजकीय चित्रपट, माहितीपट आणि युद्धपट यांविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात या सदरातून राजकीय चित्रपट, माहितीपट आणि युद्धपट यांविषयी प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. मी समीक्षक नाही आणि चित्रपटाच्या तंत्राचे शिक्षणही मी घेतलेले नाही. सुमारे ३५ वर्षे तिकीट काढून, आणि अलीकडे घरच्या पडद्यावर, चित्रपट पाहत आलेली मी एक प्रेक्षक आहे. त्यामुळे पुढची मते माझी स्वतःची आहेत आणि ती बदलूही शकतात. त्यांतले एक तर बदललेच आहे, त्याची कबुली एका पत्राच्या उत्तरात येईल.

प्रश्न : युद्धाची भीषणता दाखवणारा म्हणून गाजलेला चित्रपट पाहून मी बाहेर पडतो, तेव्हा मला भीषणता आठवत नाही, आठवतो तो रणगाड्यांचा गडगडाट आणि नायकाची झेप. युद्धाला खरोखर विरोध करणारा युद्धपट असू शकतो का, की ही आपणच आपली घातलेली समजूत आहे?

उत्तर : आपली शंका रास्त आहे आणि ती जाणकारांनाही पडलेली आहे. युद्धाविषयीचा प्रत्येक चित्रपट शेवटी युद्धाच्याच बाजूला जाऊन बसतो, अशा अर्थाचे मत फ्रेंच दिग्दर्शक फ्रांस्वा त्रुफो यांनी एका मुलाखतीत दिले होते. याचे कारण मला दिग्दर्शकांच्या हेतूपेक्षा या माध्यमाच्या स्वभावात दिसते. धावणाऱ्या माणसाबरोबर कॅमेरा धावू लागला की प्रेक्षकाचे शरीरही बसल्या जागी धावू लागते, आणि संकलकाने तुकडे ठेक्यात जोडले की ज्याने दचकायला हवे त्याला आपण मनातल्या मनात ताल देऊ लागतो. 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन' (१९९८) या चित्रपटातला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरण्याचा दीर्घ प्रसंग युद्धाच्या भीषणतेचे उदाहरण म्हणून नेहमी सांगितला जातो. पहिली दहा मिनिटे मी खरोखर घाबरले होते. एक सैनिक आपलाच तुटलेला हात उचलून घेतो आणि कोठे जावे हे न कळून तसाच चालत राहतो, ते दृश्य अजून डोळ्यांपुढून हलत नाही. पण प्रसंग संपता संपता माझी नजर सरावली होती, आणि शेवटी मूठभर सैनिक एक पूल लढवतात तेव्हा तर त्यांचा प्रत्येक नेम अचूक लागावा असे मला अगदी मनापासून वाटत होते. युद्धाचा तिटकारा आलेल्या माणसाला असे वाटत नाही.

तरीही असा चित्रपट असू शकतो असे मला वाटते, कारण मी असे दोन तरी पाहिले आहेत. स्टॅन्ली कुब्रिक यांच्या 'पाथ्स ऑफ ग्लोरी' (१९५७) या पहिल्या महायुद्धावरच्या चित्रपटात टेकडीवरचा फसलेला हल्ला काही मिनिटांत आटोपतो. त्यानंतरचे महत्त्वाचे सगळे एका प्रशस्त महालात घडते. चौकटींच्या गुळगुळीत फरशीवर फ्रेंच सेनापतींचे बूट वाजत राहतात, अपयशाचे खापर कोणाच्या डोक्यावर फोडायचे ते ठरते, आणि त्यांच्याच सैन्यातल्या तीन सैनिकांना भित्रेपणाच्या आरोपाखाली गोळ्या घातल्या जातात. शेवटी गाणे म्हणणारी एक घाबरलेली मुलगी सोडली, तर संपूर्ण चित्रपटात एकही जर्मन माणूस दिसत नाही. शत्रूच दाखवला नाही तर त्याच्यावर नेम धरण्याची हौस प्रेक्षकाने कोठे फेडायची? हा चित्रपट १९७५ पर्यंत फ्रान्समध्ये दाखवला गेला नाही, हे वाचले तेव्हा मला आश्चर्य वाटले नाही.

दुसरा चित्रपट एलेम क्लिमॉव्ह यांचा 'कम अँड सी' (१९८५). स्थळ नाझींच्या ताब्यातले बेलारूस, काळ १९४३. वाळूत पुरलेली बंदूक उकरून काढून एक पोरगेलासा मुलगा आनंदाने लढायला निघतो. बॉम्बवर्षाव होतो तेव्हा त्याच्याबरोबर आपलेही कान बधिर होतात. पुढे कितीतरी वेळ माणसांचे बोलणे पाण्याखालून आल्यासारखे येते आणि एक बारीक शिट्टी वाजत राहते. एका गावातल्या माणसांना लाकडी इमारतीत कोंडून जाळले जाते, आणि अशी ६२८ गावे माणसांसकट जाळली गेली असे शेवटी पाटीवर येते. पण मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो त्याआधीचा क्षण. चिखलात पडलेल्या हिटलरच्या तसबिरीवर तो मुलगा गोळ्या झाडू लागतो, आणि प्रत्येक गोळीबरोबर इतिहासाची चित्रफीत उलटी धावू लागते : सभा मागे जातात, पडलेल्या इमारती उभ्या राहतात, हिटलर तरुण होतो, मग शाळकरी मुलगा, मग आईच्या मांडीवरचे तान्हे मूल. तेथे तो थांबतो. त्या थांबण्यात त्या मुलाचा चेहरा पाहावा. चित्रपटाच्या सुरुवातीला जो हसरा होता त्यावर आता म्हाताऱ्यासारख्या सुरकुत्या आहेत. या चित्रपटात कोणाचाही नेम अचूक लागावा असे मला एकदाही वाटले नाही.

प्रश्न : मी माहितीपट मोठ्या विश्वासाने पाहत असे. पण गाजलेल्या माहितीपटांतले काही प्रसंग मुद्दाम घडवून आणलेले असतात, असे समजल्यापासून तो विश्वास उडाला आहे. ही सरळसरळ फसवणूक नव्हे काय?

उत्तर : काही वेळा आहे, काही वेळा नाही, आणि काही वेळा माझे मलाच ठरवता येत नाही. पहिल्या प्रकारापासून सुरुवात करू. १९१६ साली ब्रिटनमध्ये 'द बॅटल ऑफ द सोम' हा पहिल्या महायुद्धातल्या सोमच्या लढाईवरचा माहितीपट प्रदर्शित झाला, तेव्हा आघाडीवरची लढाई अजून चालूच होती. लोकांनी प्रचंड गर्दी केली, कारण पडद्यावर आपला मुलगा किंवा भाऊ दिसेल अशी आशा अनेकांना होती. त्यातले सर्वांत प्रसिद्ध दृश्य म्हणजे खंदकातून वर चढणारे सैनिक आणि त्यांतला एक गोळी लागून घसरत खाली येतो, तो क्षण. हे दृश्य आघाडीच्या मागे, सरावाच्या जागी चित्रित झाले होते, असे अभ्यासकांनी पुढे दाखवून दिले. बाकीची बरीचशी दृश्ये अस्सल आहेत. पण ज्या एका दृश्यावर लोकांनी श्वास रोखला, नेमके तेच बनावट निघावे, याला मी फसवणूक म्हणते. कारण मुलगा गमावलेल्या आईने त्या घसरणाऱ्या माणसात आपला मुलगा पाहिला असणार.

रॉबर्ट फ्लॅहर्टी यांचा, उत्तरेच्या बर्फाळ प्रदेशातल्या एका इनुइट शिकाऱ्याच्या कुटुंबावरचा 'नानूक ऑफ द नॉर्थ' (१९२२) हे प्रकरण जरा गुंतागुंतीचे आहे. बर्फाच्या घरात कॅमेरा मावत नव्हता आणि उजेडही पुरत नव्हता, म्हणून मोठे आणि एका बाजूने उघडे घर बांधून त्यात कुटुंबाला झोपण्याचा अभिनय करायला लावले. याचे मला फारसे काही वाटत नाही, कारण उजेडाशिवाय चित्रीकरण होत नाही. मात्र बंदूक वापरणाऱ्या माणसाच्या हाती जुना भाला देणे, त्याचे अलाकारिआलाक हे खरे नाव बदलणे आणि जी त्याची पत्नी नव्हती तिला पत्नी म्हणून दाखवणे, याला अडचणीचे कारण देता येत नाही. आजोबांच्या काळातले जगणे नातवाचे आजचे जगणे म्हणून जगाला विकले गेले आणि प्रेक्षकाला ते सांगितले गेले नाही.

आता याच्या उलट बाजूचे उदाहरण. एरल मॉरिस यांच्या 'द थिन ब्लू लाइन' (१९८८) या माहितीपटात एका पोलीस अधिकाऱ्याच्या खुनाचा प्रसंग नटांकडून पुन्हा पुन्हा करून घेतलेला आहे. पण प्रत्येक वेळी तो वेगळा दिसतो, कारण प्रत्येक वेळी तो वेगळ्या साक्षीदाराच्या सांगण्याप्रमाणे घडतो. तिसऱ्या-चौथ्या वेळी प्रेक्षकाच्या लक्षात येते की आपण घटना पाहत नसून साक्षी पाहत आहोत, आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. त्या खुनासाठी शिक्षा भोगत असलेला माणूस १९८९ साली तुरुंगातून सुटला, आणि त्यात या चित्रपटाचा मोठा वाटा होता. येथे मांडणी उघड्यावर आहे आणि तीच पुरावा तपासण्याचे काम करते.

मला ठरवता येत नाही ते उदाहरण क्लोद लान्झमन यांच्या 'शोआ' (१९८५) या नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारावरच्या, नऊ तासांहून मोठ्या माहितीपटातले आहे. ट्रेब्लिंका छळछावणीत, विषारी वायूच्या कोठडीत जाणाऱ्या स्त्रियांचे केस कापण्याचे काम ज्याच्याकडून करून घेतले गेले, तो न्हावी एका केशकर्तनालयात एका गिऱ्हाइकाचे केस कापत कापत बोलत आहे. हे दुकान चित्रीकरणासाठी भाड्याने घेतले होते. तो माणूस तेव्हा निवृत्त झाला होता. कात्री चालू असते, आवाज सपाट असतो. आपल्या एका सहकाऱ्याची पत्नी आणि बहीण त्या कोठडीत आल्या, असे सांगताना तो गप्प होतो. तोंड पुसतो. पुढे बोलता येणार नाही म्हणतो. लान्झमन बोलायला सांगतात, कॅमेरा चालूच राहतो. दुकान मांडलेले होते, पण ती शांतता कोणी मांडलेली नव्हती. हात कात्रीवर आला नसता तर कदाचित ती शांतता आपल्यापर्यंत पोहोचलीही नसती. त्याच वेळी, थांबू द्या म्हणणाऱ्या माणसाला थांबू न देण्याचा अधिकार कोणाला असावा, हा प्रश्न मला तो प्रसंग पाहताना प्रत्येक वेळी पडला आहे आणि त्याचे उत्तर मला सापडलेले नाही.

तेव्हा विश्वास पूर्ण उडवून टाकू नये. घडवून आणलेले दृश्य जे कधी चित्रित झालेच नाही त्याच्या जागी गुपचूप बसवले आहे, की दडलेले काही वर यावे म्हणून योजले आहे, एवढे मात्र स्वतःला विचारत जावे.

प्रश्न : माझ्या मते राजकीय चित्रपटाने दोन्ही बाजू सारख्याच मांडल्या पाहिजेत. घरातल्या तरुण मंडळींचे म्हणणे असे की बाजू न घेणारा राजकीय चित्रपट हा राजकीय चित्रपटच नव्हे. आपले मत काय?

उत्तर : या वादात मी तरुण मंडळींच्या बाजूची आहे, पण त्यांना वाटते त्या कारणासाठी नव्हे. बाजू घेणे हा दोष नाही. समोरच्या बाजूच्या माणसाचा चेहरा पुसून टाकणे हा दोष आहे, आणि हे दोन वेगळे गुन्हे आपण एकाच कलमाखाली घालतो.

जिल्लो पोंतेकोर्व्हो यांचा 'द बॅटल ऑफ अल्जिअर्स' (१९६६) घ्यावा. फ्रेंच सत्तेविरुद्धच्या अल्जीरियन लढ्याच्या बाजूने तो उभा आहे, हे पहिल्याच प्रसंगात छळामुळे कोसळलेला माणूस पाहिल्यावर कळते. लढ्यातले एक नेते, सादी यासेफ, त्यात स्वतःवरच बेतलेली भूमिका करतात. एवढा पक्षपात पुरेसा झाला म्हणावा! पण याच चित्रपटात एक स्त्री फ्रेंच वस्तीतल्या उपाहारगृहात बॉम्बची पिशवी घेऊन येते, आणि ती ठेवण्यापूर्वी तिची नजर, म्हणजे आपली नजर, तेथल्या एकेका चेहऱ्यावरून फिरते. त्यांत आइसक्रीम चाटणारे एक लहान मूल आहे. मग ती पिशवी पायाने आत सरकवते आणि निघून जाते. त्याआधी अरबांच्या वस्तीतल्या घरांवर रात्री झालेल्या स्फोटानंतर ढिगाऱ्यातून मुलांची प्रेते काढली जातात तेव्हा जे संगीत वाजते, तेच संगीत या उपाहारगृहातल्या मृतांसाठीही वाजते. दिग्दर्शकाची बाजू ठरलेली आहे, पण शोक त्याने बाजू पाहून कमी-जास्त केलेला नाही. फ्रेंच कर्नलच्या तोंडीही त्याने खुळचट संवाद घातलेले नाहीत. फ्रान्सने अल्जीरियात राहावे असे तुम्हाला वाटत असेल तर त्याचे सर्व परिणामही तुम्ही स्वीकारले पाहिजेत, असे तो पत्रकारांना सुनावतो, आणि त्या वाक्यावर खुर्चीतला प्रेक्षकही गप्प बसतो. ही भूमिका करणारे जाँ मार्तँ हे चित्रपटातले एकमेव प्रमुख व्यावसायिक नट, आणि त्यांनी स्वतः अल्जीरियातल्या युद्धाविरुद्धच्या जाहीरनाम्यावर सही केली होती. चित्रपटाला १९६६ साली व्हेनिसच्या महोत्सवात सर्वोच्च सन्मान मिळाला, आणि २००३ साली अमेरिकेच्या संरक्षण खात्याने तो आपल्या अधिकाऱ्यांना दाखवला. क्रांतिकारकांनी पाहावा आणि त्यांच्याशी लढणाऱ्यांनीही पाहावा असा चित्रपट सगळ्या बाजू तराजूत तोलून बनत नाही.

आपल्या म्हणण्यातही एक तथ्य आहे, ते मी सोडत नाही. 'सिंहासन' (१९७९) या जब्बार पटेल यांच्या मराठी चित्रपटात कोणत्याच पक्षाची तळी उचललेली नाही. अरुण साधू यांच्या दोन कादंबऱ्यांवरून विजय तेंडुलकरांनी लिहिलेल्या त्या पटकथेत सत्तेचा सगळा खेळ पत्रकार दिगू टिपणीसच्या डोळ्यांनी दिसतो आणि शेवटी त्याला वेड्यासारखे हसू फुटते. पण तेथेही कॅमेरा मधोमध उभा नाही. तो दिगूच्या अंगाने उभा आहे, म्हणजे ज्याला सगळे माहीत आहे आणि ज्याच्या हाती काहीच नाही, अशा माणसाच्या बाजूने. मधोमध अशी जागा मला अजून कोणत्या चित्रपटात सापडलेली नाही.

प्रश्न : 'सत्य घटनेवर आधारित' या पाटीवर किती विश्वास ठेवावा?

उत्तर : फारसा ठेवू नये. ती पाटी जाहिरातीचा भाग आहे. याच्या उलट, 'सर्व पात्रे काल्पनिक आहेत' ही पाटी वकिलाच्या सांगण्यावरून येते. या दोन्हींची खोड मोडणारी पाटी कोस्ता-गाव्रास यांच्या 'झेड' (१९६९) मध्ये आहे. ग्रीसमधले लोकप्रतिनिधी लाम्ब्राकिस यांच्या १९६३ मधल्या हत्येवर बेतलेल्या या चित्रपटाच्या आरंभी, खऱ्या घटनांशी आणि जिवंत वा मृत व्यक्तींशी आढळणारे साम्य योगायोगाचे नसून हेतुपुरस्सर आहे, असे बजावलेले आहे. एवढी हिंमत दाखवणाऱ्या पाटीवर मी विश्वास ठेवते.

प्रश्न : लष्कराच्या मदतीने बनलेले युद्धपट पाहणे चुकीचे आहे का?

उत्तर : पाहणे चुकीचे नाही, मदत घेतली आहे हे ठाऊक नसताना पाहणे तोट्याचे आहे. अमेरिकेत विमाने, जहाजे आणि तळ चित्रीकरणासाठी मिळवायचे असतील तर पटकथा संरक्षण खात्याला दाखवावी लागते आणि त्यांना खटकलेले बदलावे लागते. 'टॉप गन' (१९८६) याच वाटेने बनला आणि त्यातली विमाने इतकी देखणी का दिसतात याचे उत्तर त्यातच आहे. 'अपोकॅलिप्स नाउ' (१९७९) ला ती मदत मिळाली नाही. म्हणून फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांनी फिलिपिन्सच्या हुकूमशहाच्या सैन्याची हेलिकॉप्टरे भाड्याने घेतली, आणि ती चित्रीकरणाच्या मध्येच खऱ्या बंडखोरांशी लढायला परत बोलावली जात असत. युद्धाच्या वेडावर चित्रपट काढायला निघालेल्या माणसाला भाडे कोणाकडे भरावे लागले, हे श्रेयनामावलीत वाचायला मिळत नाही.

प्रश्न : महायुद्धातल्या जुन्या कृष्णधवल चित्रफिती हल्ली रंगीत करून दाखवतात. मला ते पाहून गहिवरून आले, पण एका मित्राने ही इतिहासाची विटंबना असल्याचे सांगितले. कोणाचे बरोबर?

उत्तर : आपला गहिवर खोटा नाही. पीटर जॅक्सन यांच्या 'दे शॅल नॉट ग्रो ओल्ड' (२०१८) या पहिल्या महायुद्धावरच्या माहितीपटात सुरुवातीला पडद्याच्या मध्यभागी छोट्या चौकटीत थरथरती कृष्णधवल चित्रे दिसतात. सैनिक आघाडीवर पोहोचतात आणि ती चौकट रुंदावत जाऊन एकाएकी रंगीत होते. मी अक्षरशः सावरून बसले. हाताने फिरवल्या जाणाऱ्या कॅमेऱ्यामुळे ती माणसे शंभर वर्षे बाहुल्यांसारखी लटपट चालत होती, ती प्रथमच माणसांसारखी चालली. ओठांच्या हालचाली वाचणाऱ्यांना बसवून त्यांचे बोलणे शोधले आणि नटांच्या आवाजात भरले, तेही पटते. पण दोन चित्रांच्या मधली चित्रे संगणकाने बनवलेली आहेत आणि चेहऱ्यावरचा रंग कोणीतरी आजच्या काळात निवडलेला आहे, हेही तितकेच खरे आहे. माझे मन जिंकले ते दुसऱ्याच गोष्टीने. प्रत्यक्ष चकमकीच्या क्षणांसाठी जॅक्सन यांनी त्या काळच्या नियतकालिकातली रेखाचित्रे वापरली. वर 'सोम'च्या त्या दृश्याविषयी लिहिले आहे, ते येथे आठवावे.

आपल्या मित्राचे म्हणणे मला आलँ रेने यांच्या 'नाइट अँड फॉग' (१९५६) मुळे समजते. हा जेमतेम ३२ मिनिटांचा माहितीपट आहे. त्यात नाझींच्या ओस पडलेल्या छळछावण्यांतले आजचे गवत रंगीत आहे आणि छावण्या चालू असतानाची चित्रे कृष्णधवल आहेत. रंगातला हा फरकच त्याचे अर्धे म्हणणे सांगतो. ती जुनी चित्रे रंगवली तर चित्रपट मुका होईल. याच चित्रपटातल्या एका छायाचित्रात, फ्रान्समधल्या छावणीवर पहारा देणाऱ्या पोलिसाची फ्रेंच टोपी दिसत होती. नाझींच्या कामात फ्रेंच पोलिसांचाही हात होता हे तिच्यातून उघड होई, म्हणून ती झाकायला फ्रेंच सेन्सॉरने भाग पाडले. एका टोपीपुरता इतिहास बदलायला रंगांची गरज पडली नाही, एक काळा पट्टा पुरला.

प्रश्न : माझी मुलगी १२ वर्षांची आहे. तिला युद्धपट दाखवावेत का?

उत्तर : नायक जिंकतो असे चित्रपट ती कोठे ना कोठे पाहतच असेल. त्यांच्याबद्दल मला अधिक काळजी वाटते. इसाओ ताकाहाता यांचा 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' (१९८८) हा जपानी ॲनिमेशनपट तिच्या शेजारी बसून पाहावा. तो लहान मुलांसाठीच आहे असे समजून तिला एकटीला सोडून मात्र उठू नये. १४ वर्षांचा भाऊ आणि चार वर्षांची बहीण १९४५ च्या हवाई हल्ल्यांत आई गमावतात आणि स्वतःच्या हिमतीवर राहू पाहतात, एवढीच गोष्ट आहे. रक्त फार नाही. भुकेने भान हरपलेली बहीण काचेच्या गोट्या खाऊच्या गोळ्या समजून चोखते आणि मातीचे गोळे वळून भावापुढे जेवण म्हणून ठेवते, ते आपल्यालाच सोसणार नाही. ताकाहाता स्वतः लहानपणी हवाई हल्ल्यातून वाचलेले होते, आणि तरीही हा युद्धविरोधी चित्रपट नाही असे ते सांगत असत. मुलीने त्यांचे म्हणणे खोडून काढले तर तिच्याशी वाद घालू नये.

प्रश्न : आपण या सदरात काही महिन्यांपूर्वी 'ट्रायम्फ ऑफ द विल' या नाझी प्रचारपटाविषयी, आशय बाजूला ठेवला तर तंत्र म्हणून अप्रतिम, असे लिहिले होते. मला ते वाचून वाईट वाटले. आशय बाजूला ठेवून तंत्र पाहता येते, असे आपणास आजही वाटते का?

उत्तर : नाही. ते वाक्य मी मागे घेते. आपले पत्र आल्यावर मी तो चित्रपट पुन्हा पाहिला. लेनी रीफेनश्टाल यांनी १९३४ मधल्या न्यूरेंबर्गच्या पक्षमेळाव्याचे केलेले हे चित्रण १९३५ साली प्रदर्शित झाले. आपण केवळ घडले ते टिपले, असे त्या पुढे आयुष्यभर सांगत राहिल्या. पण कॅमेरा वर-खाली नेण्यासाठी ध्वजस्तंभाला लिफ्ट बसवलेली होती. असा मेळावा कॅमेऱ्यासाठीच उभारला जातो. पहिल्या वेळी मी ढगांतून उतरणारे विमान, रांगांची भूमिती, मशालींचा उजेड यांनी दिपले होते आणि त्या दिपण्यालाच तंत्राची पारख समजले होते.

या वेळी मी आवाज बंद करून पाहिला, आणि फक्त माणसे पाहिली. लाखभर माणसांत एकही जांभई देत नाही. कोणाला शिंक येत नाही, कोणाच्या बुटाचा बंद सुटत नाही, कोणी शेजाऱ्याशी कुजबुजत नाही. जवळून दाखवलेले चेहरे आहेत, पण ते सगळे एकाच दिशेने वर पाहणारे आहेत, आणि त्यांतला एक काढून दुसरा ठेवला तरी कोणाच्या लक्षात येणार नाही. बाकीची माणसे विटांसारखी रचलेली आहेत. मी ज्याला तंत्र म्हणून वाखाणले होते ते म्हणजे माणसाची वीट करण्याचे कसब होते, आणि तोच त्या चित्रपटाचा आशय आहे. बाजूला ठेवायला वेगळे काही उरतच नाही. चित्रपट पाहू नये असे मी म्हणणार नाही. ज्यांना हे कसब ओळखायला शिकायचे आहे त्यांनी तो जरूर पाहावा. मात्र 'अप्रतिम' हा शब्द मी त्यासाठी पुन्हा वापरणार नाही.

प्रश्न : ताई, असे चित्रपट एकामागून एक पाहून आपल्याला रात्री झोप कशी लागते?

उत्तर : मी ते रात्री पाहत नाही. दुपारी पाहते, दिवसाला एकच, आणि नंतर उरलेल्या दिवसात कोणाशी त्याविषयी बोलत नाही. काही चित्रपट दुसऱ्यांदा पाहण्याचे मला जमलेलेही नाही. वर उल्लेख केलेला ताकाहाता यांचा चित्रपट पुन्हा पाहण्याचा मी दोनदा प्रयत्न केला. आरंभीच, मेलेल्या मुलाजवळचा खाऊच्या गोळ्यांचा गंजलेला डबा रेल्वे स्थानकावरचा सफाई कामगार हलवून बघतो आणि बाहेरच्या अंधारात भिरकावून देतो. दोन्ही वेळा मी तेथेच थांबले.